साक्षीनंतरच्या गोळ्या

"प्रार्थनेनं बऱ्या झालात की औषधानं?" असं मला अजूनही विचारतात. चर्चच्या मंडळीतली माणसं विचारतात तेव्हा त्यांना पहिलं उत्तर हवं असतं, दवाखान्यात नव्यानं कामाला लागलेल्या मुली विचारतात तेव्हा दुसरं. दोघांनाही मी बसा म्हणते आणि चहा टाकते. हे उत्तर उभ्याउभ्या देण्यासारखं नाही. अर्धं ऐकून आनंदानं उठून गेलेल्या माणसांनी मला एकदा चांगलंच गोत्यात आणलं होतं.

लिहायला बसलेय ती ज्यांच्या घरात आज टीबी आहे त्यांच्यासाठी, आणि त्यातही आमच्या ख्रिस्ती घरांसाठी. कोणती गोळी, किती दिवस, हे डॉक्टर सांगतील आणि ते मुकाट्यानं ऐका. मी सांगणार आहे ते डॉक्टरांच्या कामाचं नाही. गुडघे टेकून माणसं काय काय करतात आणि त्यात आजारी माणसाचं काय होतं, एवढंच मला ठाऊक आहे.

मिरचीचा खोकला

घोडपदेवच्या चाळीत आमची एक खोली होती. आमचे हे, सामुएल, लालबागच्या एका गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. त्यांचे वडीलही तिथेच होते. गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा पहिले काही महिने चाळीत सणासारखे गेले. पुरुष दिवसाउजेडी घरात दिसायला लागले, गॅलरीत पत्ते रंगले, आज मिटेल, उद्या मिटेल असं चाललं. मग एकेक बिऱ्हाड गावाला पांगलं. आम्हाला जायला गाव असं नव्हतंच, नगरला माझी आई तेवढी होती. मी मसाल्याच्या कारखान्यात मिरच्या निवडायला जाऊ लागले. तिथे सगळ्याच बायका खोकायच्या, त्यामुळे माझ्या खोकल्याचा मला संशय आला नाही.

एक दिवस रुमालावर लाल दिसलं. मिरची असेल, असं म्हणून मी रुमाल धुऊन टाकला. दुसऱ्यांदा दिसलं तेव्हा तसं म्हणता येईना.

म्युनिसिपालटीच्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरून त्यानं "टीबी" म्हटलं आणि त्याच सुरात पुढच्या बाईला हाक मारली. मी उठलेच नाही. मागची बाई माझ्या खांद्याला हात लावून म्हणाली, "ताई, झालं तुमचं." खरंच झालं असंच मला वाटलं. माझा बाप याच रोगानं गेला होता. आमची बेबी तेव्हा दुसरीत होती, आणि घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच होतं, की आज सकाळी तिची वेणी घालताना मी तिच्या डोक्यावर खोकले होते.

जेवणं झाल्यावर यांना सांगितलं. ते उठून मोरीत गेले, हात पुन्हा धुतले, परत आले आणि म्हणाले, "प्रार्थना करू." मग त्यांनी अशी प्रार्थना केली की शेजारचा रेडिओ बंद झाला. आवाज त्यांचा दणदणीत. गिरणीत साच्यांच्या खडखडाटावर बोलून बोलून तो तसा झाला होता. दोन्ही हात वर करून ते देवाला हाका मारत होते, आणि मला मात्र वाटत होतं, त्यातला एक हात खाली घ्यावा आणि माझ्या पाठीवर ठेवावा. ते मी त्यांना सांगितलं नाही. देवाशी बोलणाऱ्या माणसाला मध्ये कसं टोकायचं?

सुईची रांग

बेबीला माझ्या आईकडे नगरला पोचवलं. माझी ताटवाटी वेगळी झाली. रोज सकाळी दवाखान्यात सुई घ्यायला रांग लावायची. रांगेत सगळ्या गिरणगावातल्याच बाया, कुणाचा नवरा संपावर, कुणाचा भाऊ. "आज डावी की उजवी?" हा आमचा नमस्कार. बसता येत नसे म्हणून सगळ्या उभ्यानं गप्पा मारायच्या. सिस्टर तोंडाची फटकळ होती, पण सुई टोचल्यावर तिथे अंगठ्यानं हळूच चोळायची. दिवसभरात मला कुणी लावलेला तेवढाच हात असायचा.

घरात आम्ही दोघंच उरलो होतो. हे सकाळी गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभे राहायचे, दुपारी परत यायचे. काय झालं विचारलं की म्हणायचे, "काही नाही." आधी रागानं म्हणायचे, मग नुसतंच म्हणायला लागले. शुक्रवारी उपास धरायचे, संपासाठी आणि माझ्यासाठी. दोन्ही विनंत्या एका दमात देवापुढे ठेवायचे. मी जवळ बसून ऐकायची तेव्हा कधी कधी मला कळायचं नाही, की आता मालकांबद्दल चाललंय की जंतूंबद्दल.

नावं

आमच्या मराठी चर्चमध्ये रविवारी संदेश, म्हणजे प्रवचन, झाला की आजाऱ्यांची नावं घेतात. थोमसकाका म्हणून मंडळीचे वडील होते. वडील म्हणजे चर्चचा कारभार पाहणारे, नात्यातले नव्हेत. ते उभे राहून एकेक नाव म्हणायचे आणि प्रत्येक नावावर सगळी मंडळी म्हणायची, "प्रभो, आमचं ऐक." रोगाचं नाव घेत नाहीत. काय हवंय तेही सांगत नाहीत. नुसतं नाव, आणि मग शंभर गळ्यांतून तेवढेच शब्द.

लहानपणापासून ऐकत आले होते, पण माझं नाव त्यात आलं तेव्हा मी पहिल्यांदा नीट ऐकलं. मागच्या बाकावर, खिडकीशी, सगळ्यांपासून अंतर राखून मी बसायची. "एस्तेर सामुएल," असं काका म्हणायचे. आणि ज्या बायका मला आता कपबशीला हात लावू देत नव्हत्या, त्याच माझ्यासाठी मोठ्यानं म्हणायच्या, "प्रभो, आमचं ऐक." मला भरून यायचं. बरी होईन की नाही ते बाजूला, पण मी अजून या माणसांच्या मोजणीत आहे असं वाटायचं. त्या एका मिनिटासाठी मी आठवडा ढकलायची.

आमच्यात दुसरी एक पद्धत आहे. माणूस बरा झाला की घरच्यांपैकी कुणी तरी उभं राहून साक्ष द्यायची. देवानं काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं, उपकारस्तुती करायची. मग त्या माणसाचं नाव आजाऱ्यांतून निघतं.

साक्ष

सुया संपल्या. खोकला थांबला, वजन वाढलं, चोळी दंडात घट्ट झाली. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, "बरं वाटतंय म्हणजे बऱ्या झालात असं नाही. गोळ्या अजून वर्षभर. मध्ये सोडल्यात तर पुढच्या वेळी औषध लागू पडणार नाही." मी घरी येऊन यांना शब्दन् शब्द सांगितलं. त्यांनी मान हलवली.

तोवर संपाला वर्ष होत आलं होतं. काही लोक खाली मान घालून कामावर परतायला लागले होते, त्यावरून चाळीत भांडणं, बोलणंचालणं बंद. शुक्रवारच्या उपासाला यांच्याबरोबर आणखी चौघं-पाचजण यायचे, ते एकेक करून यायचे थांबले. शेवटी हे एकटेच.

त्या रविवारी काका नावं घ्यायला उभे राहिले, तेवढ्यात पुरुषांच्या बाजूनं हे उठले. मला काही सांगितलं नव्हतं. म्हणाले, "माझ्या बायकोचं नाव आज घेऊ नका, काका. प्रभूनं तिला बरं केलंय." मग सगळं सांगितलं. रक्त, उपास, वाढलेलं वजन. बोलता बोलता त्यांचा तो दणदणीत आवाज फुटला. दवाखान्याचं नाव एकदाच आलं आणि तेही मागे कुठेतरी. मंडळी उभी राहून गायला लागली. बायका मागच्या बाकापर्यंत आल्या आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला कवेत घेतलं. मी रडत होते. त्यांना वाटलं आनंदानं. थोडा होताच आनंद, खोटं कशाला सांगू? पण मनात मी उरलेल्या गोळ्या मोजत होते.

घरी चालत येताना मी म्हटलं, "मला विचारायचं तरी होतं."

"चांगली गोष्ट सांगायला विचारावं लागतं?"

"गोळ्या वर्षभर आहेत अजून."

"मला माहीत आहे."

"मग?"

ते पुलाच्या कठड्याशी थांबले. "मी विश्वासानं म्हणालोय. आता तू गोळ्या आणायला त्या रांगेत दिसलीस, तर लोक काय समजतील? मी मंडळीसमोर खोटा. आणि देव?"

"आणि नाही घेतल्या तर माझं काय?"

 ते खाली रुळांकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "एका तरी ठिकाणी देवानं माझं ऐकलंय, एस्तेर. तेवढं एक माझ्याकडे राहू दे."

मी तोंडाची तिखट आहे, मिरच्या निवडायच्या आधीपासून. पण तेव्हा मी नुसती पुढे चालायला लागले. चिडले होते, आणि इतकी दया आली होती की चिडताही येईना. पुढच्या रविवारी काकांनी नावं घेतली. माझं नाव जिथे यायचं तिथे ते जराही थांबले नाहीत, सरळ पुढच्या नावावर गेले. बाकीच्यांसाठी मी पण म्हटलं, "प्रभो, आमचं ऐक."

सरूची फळी

आमच्या शेजारी सरू राहायची, मालवणकडची. तिचा नवरा संपात गावी गेला होता, हिनं इथे खोली धरून ठेवली होती. मी तिला सगळं सांगितलं, कारण कुणाला तरी सांगितल्यावाचून मी फुटले असते. ती मासे साफ करत होती. हात तसेच ठेवून म्हणाली, "गोळये माझ्याकडे ठेवा, वैनी. रोज सकाळी येवा नि खावा. त्येत काय मोठा?"

दवाखान्यातून गोळ्याही तीच आणू लागली. माझं कार्ड नेऊन दाखवायची. ठेवायच्या कुठे तर देवाच्या फळीवर, गणपती आणि त्यांच्या गावच्या वेतोबाच्या तसबिरीमागे. मी चरकले. "तिथे नको गं."

"देवाच्या फळयेर हात कोण लावता? नि माझो देव काय तुमची गोळी खातलो?"

तर अशी माझी सोय झाली. सकाळी नळाचं पाणी भरलं की सरूच्या खोलीत जायचं, तसबिरीमागचा डबा काढायचा, आणि तिथेच उभं राहून गोळ्या गिळायच्या. आता आमचं वळण असं, की तोंडात घास घालायच्या आधी डोळे मिटून आभार मानायचे. चहाला मानतो, औषधालाही मानतो. तो नेम मी मोडला नाही. हातात गोळ्या, समोर गणपती, आणि मी मान खाली घालून माझ्या प्रभूशी बोलतेय. त्याला आपला पत्ता बरोबर माहीत आहे असं धरून चालले.

काय बोलायची तेही सांगते. "या गोळ्या लागू दे, आणि यांना कळू देऊ नको." रोज हेच. पहिली विनंती सरळ होती. दुसरीची मला लाज वाटायची. नवऱ्यापासून लपवायला देवाची मदत मागायची, आणि तीही नवऱ्यानं त्याच देवाचं नाव राखायला केलेल्या गोष्टीत! रविवारी माझं नाव कुणी घेत नव्हतं. मी माझ्यासाठी एकटीच उरले होते, आणि एकटीनं केलेली ती प्रार्थना मला दिवसेंदिवस चोरीसारखी वाटायला लागली.

कापसाचा खोकला

हे खोकायचे ते कायमचेच. साच्यावरचे सगळेच खोकतात, कापसाची धूळ छातीत बसलेली असते. त्यामुळे त्यांचा खोकला आमच्या घरातल्या घड्याळासारखा होता, चालू असलेला ध्यानातही यायचा नाही. एक दिवस सरू भिंतीपलीकडून ऐकून म्हणाली, "वैनी, गिरण बंद पडान वरीस झाला. मगे तुमच्या घोवाचो खोकलो अजून कापसाचोच कसो?"

माझ्या हातातला तांब्या खाली आला. इतके महिने मी रांगेत उभं राहून दुसऱ्यांचे खोकले ओळखायला शिकले होते, आणि घरातला ऐकला नव्हता. मग सगळंच दिसायला लागलं. सकाळी ओला झालेला सदरा. बसलेली गालफडं. ताटात टाकलेली भाकरी.

मी त्यांना म्हटलं, "एकदा फोटो काढून या."

"कापूस आहे तो."

"मग फोटोत कापूसच दिसेल की."

"त्या रांगेत मला कुणी पाहिलं तर काय सांगू?" त्यांचा आवाज चढला. "की ज्या घरातून देवानं रोग घालवला, त्या घरात मीच तो घेऊन बसलोय?"

मी दोनदा, तीनदा, किती वेळा तेच बोलले असेन. ते उठून बाहेर जायचे. आणि मग एका दुपारी घरी आले ते खुशीत. नगरचा कुणी ओळखीचा भेटला होता, त्याच्याबरोबर माझ्या आईला निरोप धाडला होता. शाळेला सुट्टी लागली की बेबीला घेऊन या. "किती दिवस पोरगी दुसरीकडे ठेवायची?" ते म्हणाले. "आता घर चांगलं झालंय."

मी पोरीसाठी किती झुरत होते ते काय सांगू. तिच्या फ्रॉकचा वास घेऊन बसायची. आणि आता ती येणार म्हटल्यावर तिनं येऊ नये असं वाटायला लागलं. एका खोलीत, एका चटईवर, यांच्या कुशीत ती झोपणार. तिला बापाच्या कुशीत झोपायचीच सवय होती.

डोळे मिटून

गुरुवारची प्रार्थनासभा त्या आठवड्यात आमच्याकडे होती. ते सांगायला थोमसकाकू सकाळी चाळीत आल्या, आमची खोली उघडीच दिसली, मी नव्हते. म्हणून शेजारी डोकावल्या. मी गोळ्या गिळून डोळे उघडले तेव्हा सरू म्हणाली, "ती बाई दारात उबी रवान बघीत होती. काय बोलाक नाय, तशीच गेली."

मी मागे पळत गेले नाही. काय सांगणार होते? त्यांनी जे पाहिलं ते पाहिलंच होतं. एस्तेर गणपतीपुढे मान वाकवून, डोळे मिटून उभी.

गुरुवारी संध्याकाळी खोली भरली. गीत झालं, शास्त्रवाचन झालं. आमच्या लोकांची एक खोड सांगायला हवी. एखाद्याला तोंडावर बोलता येत नाही ते आम्ही डोळे मिटून देवाला सांगतो. सासूला सुनेचं सांगायचं असलं, भावाला भावाचं, तरी प्रार्थनेत. ज्याला लागायचं त्याला बरोबर लागतं, आणि आमेन होईपर्यंत त्याला उलटून बोलता येत नाही.

थोमसकाकांनी सुरुवात केली. "हे पित्या, तू अंतःकरणं पारखणारा आहेस. या घरावर तू एवढी दया केलीस, आणि याच घरातली एक बहीण परक्या देव्हाऱ्यापुढे मान वाकवते. तिला माघारी आण. तिच्या पतीला हे दुःख सोसायचं बळ दे."

माझे डोळे उघडे होते. मी बघितलं, यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. घाबरलेले दिसले. फाटकाशी उभं राहून जे एकेक हातचं जात होतं, त्यात आता मीही, असं काहीतरी. काका आमेन म्हणाले. दुसरं कुणी सुरू करायच्या आत मी डोळे घट्ट मिटले आणि बोलायला लागले.

"प्रभो, ती बहीण मी. काकूंनी पाहिलं ते खरं आहे. मी रोज सकाळी सरूच्या फळीपुढे उभी राहते. तिथे माझ्या गोळ्या आहेत, टीबीच्या. अजून बरेच महिने घ्यायच्या आहेत. त्या माझ्या घरात ठेवता येत नाहीत, कारण माझ्या घरात मी बरी झालेय."

कुणीतरी खाकरलं. मी थांबले नाही.

"हे खोटं बोलले नाहीत, प्रभो, लवकर बोलले. त्यांना फार घाई झाली होती, कारण दुसरीकडून काहीच येत नव्हतं. पण आता ते स्वतः खोकतायत. सकाळी सदरा पिळून वाळत घालावा लागतो. ते दवाखान्यात जात नाहीत. गेले तर तुझी अब्रू जाईल असं त्यांना वाटतं. तुझ्या अब्रूचं तू बघ. माझी बेबी सुट्टीत यायची आहे, ती एवढ्यात इथे येता कामा नये. तिला मी किती महिन्यांत पाहिलेलं नाही ते तुला माहीत आहे, तरी नको. आणि माझं नाव काढलंय ते परत आजाऱ्यांत घाल. सामुएलचं त्याच्या शेजारी घाल. आम्ही दोघंही बरे नाही आहोत."

झालं एवढंच. पण मला आमेन म्हणवेना. आमेन म्हटलं की सगळ्यांचे डोळे उघडणार होते.  गॅलरीतून कुणाच्या तरी पोराची हाक आली. मी दोन्ही हातांनी पदर धरून बसले होते, आणि माझ्या मनात कसलीही भक्ती नव्हती. नुसती भीती होती, की मी आत्ता यांच्याकडून ते शेवटचं एक काढून घेतलं.

मग खोकल्याची उबळ आली, यांची. बराच वेळ ती ओसरेना. ओसरल्यावर घोगऱ्या आवाजात ते म्हणाले, "आमेन."

त्यानंतर

सगळं लगेच सुरळीत झालं असं समजू नका. दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. नगरला मात्र दुसऱ्याच दिवशी स्वतः निरोप धाडला, की पोरीला पाठवू नका. रविवारी काकांनी आमची नावं घेतली. यांच्या नावाशी ते अडखळले, मग म्हणाले. काही जणांनी आमच्याकडे येणं सोडलं ते कायमचं. थोमसकाकू एकदा डाळभात घेऊन आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि "मला काय माहीत?" एवढं म्हणून रडायला लागल्या. मी त्यांना पाट दिला. राग गेला नव्हता, तरी दिला.

सोमवारी हे माझ्याबरोबर दवाखान्याच्या रांगेत उभे राहिले. फोटोत छातीच्या दोन्ही बाजू गेलेल्या. फार उशीर झाला होता. त्यांना मोठ्या इस्पितळात, टीबीच्या वॉर्डात दाखल करावं लागलं. माझ्या गोळ्या मी पुऱ्या केल्या, आज हे लिहितेय. आमचे हे त्या वॉर्डातून घरी आले नाहीत. संपाचंही काही झालं नाही, तो मिटला असं कुणी कधी सांगितलंच नाही.

मंडळीतला एकजण मला म्हणाला, त्या साक्षीनंतर मी गोळ्या घेतल्या नसत्या तर सामुएल वाचला असता. मी त्याला घराबाहेर काढलं. पण त्याच्यामागे दार लावल्यावर मी तिथेच उंबऱ्याशी बसले. मला वेगळीच टोचणी होती. तो खोकला मी आधी ऐकला असता तर? त्या टोचणीवर मला अजून औषध मिळालेलं नाही. त्याबद्दलही प्रार्थना करते, कधी शांत वाटतं, कधी मुळीच वाटत नाही. प्रार्थना कशासाठी असते ते मला कळलंय, असं म्हणणार नाही. कशासाठी नसते त्यातलं थोडं कळलंय. देवाचं नाव राखायला नसते, दुसऱ्याला टोचायला नसते, आणि लपायला तर नसतेच. तुमच्या घरात कुणी आजारी असेल तर त्याचं नाव घेत राहा, आणि तो बरा झाला हे त्याच्याआधी जाहीर करू नका.

वॉर्ड

वॉर्ड लांबलचक होता, दोन्ही बाजूंना खाटा, खिडक्यांतून खाडीकडचा खारट वारा. भेटायची वेळ संध्याकाळची. मी पेज घेऊन जायची. सुरुवातीला आम्ही दोघं अवघडून बसायचो. ते छताकडे बघायचे, मी डब्याचं झाकण पुसायची. एकदा मी म्हटलं, "रागावलात अजून?" ते म्हणाले, "नाही गं. दम पुरत नाही." मग माझा हात घेऊन आपल्या छातीवर ठेवला. आत काहीतरी घरघरत होतं. मी हात तिथेच राहू दिला.

त्यांची ती मोठी प्रार्थना संपली होती. तेवढ्या वाक्यांना पुरेल इतका श्वासच नव्हता. मला वाटलं, आता ते प्रार्थना करतच नसावेत, आणि विचारायचा धीर होत नव्हता.

मग एक दिवस भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली, मी उठले. त्यांनी विचारलं, "कशी जातेस?"

"बसनं. मिळाली तर."

त्यांनी डोळे मिटले. हात वर केले नाहीत, चादरीवरच होते. "प्रभो," ते म्हणाले, श्वास घेतला, "हिला बस मिळू दे." आणि डोळे उघडून माझ्याकडे असे बघायला लागले, की मी आता निघावं.

मी थांब्यावर उभी राहिले. दिवे लागले तरी बस आली नाही. बरोबरची माणसं कंटाळून निघून गेली. शेवटी मी चालायला लागले, कॉटन ग्रीनच्या गोदामांच्या भिंतीकडेनं, रिकामा डबा हातात घेऊन. मला वाटेत रडू आलं, आणि राग आला. एवढीशी तर गोष्ट मागितली होती बिचाऱ्यानं! एक बस, तीसुद्धा माझ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी मी खाटेशी पोचले तेव्हा त्यांनी आधी तेच विचारलं. "बस मिळाली?"

मिळाली, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांचे डोळे इतके मोठे दिसत होते. तेवढं एक त्यांच्याकडे राहू द्यायला माझं काय जाणार होतं? मी डबा खाली ठेवला.

"नाही मिळाली," मी म्हटलं. "चालत गेले."

 मग त्यांच्या तोंडावर हसू आलं, मी लग्नात पाहिलं होतं तसं, आणि ते हसता हसता खोकायला लागले. मी पाठ चोळली. दम परत यायला वेळ लागला.

"मग आज परत मागतो," ते म्हणाले.